हिमोग्लोबिन ठीक आहे, मग दम का लागतो?

वाचक लिहितात: "मी ३४ वर्षांची आहे, चार वर्षं धावते. तीन अर्धमॅरेथॉन झाल्या. आता पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी चालू आहे, अजून चौदा आठवडे आहेत. पण गेले तीन महिने पूर्वी सहज जमणाऱ्या वेगालाही धाप लागते, जिना चढताना मांड्या भरून येतात, केस गळतात. लांब पळण्याच्या दिवशी २५ किलोमीटरनंतर पोटऱ्यांत गोळे येतात. हिमोग्लोबिन तपासलं, १२.३ आलं. 'उत्तम आहे, काळजी करू नका,' असं सांगितलं गेलं. मग सोबत धावणाऱ्यांपैकी कुणी मॅग्नेशियम सुचवलं, कुणी मिठाच्या कॅप्सूल, कुणी कॅल्शियम, कुणी झिंक. लोहाची गोळी मी आधीपासून अधूनमधून घेतेच. असे आता पाच डबे झालेत आणि सगळ्या गोळ्या मी सकाळी चहाबरोबर एकदम घेते. पाळीत पूर्वीपासूनच अंगावरून जास्त जातं. मांसाहार करत नाही. वजन थोडं कमी व्हावं म्हणून रात्रीचं जेवण जवळजवळ बंद केलंय. मॅरेथॉन धावणाऱ्याने कोणती खनिजं, किती आणि कधी घ्यावीत, याचा एक तक्ता द्याल का?"

नमस्कार.

तक्ता देत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, बाईला ३०० मिलिग्रॅमच्या थोडं वर मॅग्नेशियम लागतं, हे आकडे कुठेही मिळतील. निरोगी माणसाने रोजच्या खाण्यातून काय मिळवावं, एवढंच ते सांगतात. तुमच्या पत्रातली बाई तीन महिने दमलेली आहे. तिची पाळी जास्त जाते, ती मांसाहार करत नाही, रात्री जेवत नाही आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेते. या गोष्टी तुम्ही पत्रात सुट्या सुट्या लिहिल्यात. मी त्या एकापुढे एक ठेवून वाचल्या, तेव्हा पाचांपैकी एकाच डब्यावर बोट गेलं: लोह. म्हणून आधी त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते, बाकीच्यांचं नंतर.

बाईचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. तुमचं १२.३ आहे, म्हणजे कागदावर तुम्ही सुटलात. पण हिमोग्लोबिन हे लोहाचं शेवटचं दुकान आहे, ते सगळ्यात उशिरा बंद होतं. शरीर लोह साठवून ठेवतं ते फेरिटिन नावाच्या प्रथिनात. लोह कमी पडायला लागलं की आधी हे कोठार रिकामं होतं. मग रक्तातून फिरणारं लोह कमी होतं, आणि हे दोन्ही झाल्यावर कुठे हिमोग्लोबिन उतरायला लागतं. कोठाराचा तळ दिसत असतानाही स्वयंपाकघरातून ताट वाढून येतच असतं, तसं हे आहे. फक्त ताटाकडे बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं.

आणि धावणाऱ्याला लोह फक्त रक्तासाठी लागत नाही. स्नायूंमध्ये प्राणवायू धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिनमध्ये लोह असतं. पेशींच्या आत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या यंत्रणेतही ते ठिकठिकाणी बसवलेलं असतं. त्यामुळे हिमोग्लोबिन शाबूत असतानाही पाय जड होऊ शकतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला या बाबतीत फार महत्त्वाची वाटते. त्यात सतत थकवा असलेल्या, रक्तक्षय नसलेल्या, पण फेरिटिन मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्या १९८ बायकांपैकी काहींना १२ आठवडे लोह दिलं आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनलोहाची गोळी. लोह घेणाऱ्यांचा थकवा निम्म्याच्या आसपास उतरला, दुसऱ्या गटाचा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणजे 'हिमोग्लोबिन चांगलं आहे, थकवा मनाचा आहे' हे वाक्य किती बायकांना उगाच ऐकून घ्यावं लागलं असेल, त्याचा विचार करा. मी स्वतः ते ऐकलंय. एक पूर्ण मोसम मी आळशी झालेय अशी स्वतःची समजूत करून घेतली, जास्त पळाले आणि जास्तच मागे पडले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी फेरिटिन तपासायला लावलं तेव्हा ते ११ निघालं. तुमचं पत्र वाचताना मला तो मोसम आठवला, म्हणून हे इतकं कळकळीने लिहितेय.

लोह जातं कुठे? तुमच्या बाबतीत पहिलं उत्तर पाळी. दर महिन्याला जाणाऱ्या रक्ताबरोबर लोह जातं, आणि ते भरून काढण्याइतकं लोह शाकाहारी जेवणातून मिळवायला मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. वनस्पतींमधलं लोह मांसातल्या लोहापेक्षा आतड्यात कमी शोषलं जातं. त्यावर धावण्याची भर पडते. घामातून थोडं जातं. लांब पळताना आतड्यांकडचा रक्तपुरवठा कमी होतो, तेव्हा आतल्या अस्तरातून डोळ्यांना न दिसणारा बारीक रक्तस्राव होऊ शकतो. आणि पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा तळव्यातून जाणाऱ्या काही तांबड्या पेशी फुटतात. हे शेवटचं ऐकायला विचित्र वाटतं, पण ते फार जुनं निरीक्षण आहे. १८८१ साली जर्मनीत फ्लायशर नावाच्या डॉक्टरांनी एका सैनिकाची नोंद केली होती: लांब कवायती चालीनंतर त्याची लघवी गडद व्हायची. फुटलेल्या पेशींमधलं हिमोग्लोबिन लघवीत उतरत होतं. आजच्या बुटांमध्ये हे क्वचितच इतक्या थराला जातं, पण थोडी गळती चालू राहते.

याशिवाय आणखी एक कारण आहे, आणि मला वाटतं धावणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं. यकृत हेपसिडिन नावाचं एक संप्रेरक तयार करतं. त्याचं काम दारवानाचं. ते वाढलं की आतड्यातून लोह रक्तात यायचं दार बंद होतं. अंगात दाह (इन्फ्लमेशन) असला की हेपसिडिन वाढतं, आणि दमवणारं पळणं हा शरीराच्या दृष्टीने एक छोटा दाहच असतो. पळून झाल्यावर साधारण तीन ते सहा तासांनी हेपसिडिन सर्वांत वर असतं. सकाळी ते मुळात कमी असतं आणि दिवसभरात वाढत जातं. म्हणजे सकाळी पळून दुपारी लोहाची गोळी घेतली, तर नेमकी दार बंद असताना घेतली. तीच गोळी सकाळी, पळण्याआधी किंवा पळून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत घेतली, तर दार अजून उघडं असतं. पोटभर न जेवल्यामुळेही हेपसिडिन वाढतं असं दिसलंय, त्यामुळे तुमच्या रात्रीच्या जेवणाचा मुद्दा इथेही येतो.

आणि चहा! चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. कॅल्शियमही लोहाच्या वाटेत येतं. तुम्ही लोह, कॅल्शियम, झिंक आणि चहा एकाच घोटात घेताय. त्यातलं किती लोह तुमच्या रक्तात पोहोचत असेल याची मला खरंच शंका आहे.

तर आता काय करायचं? या आठवड्यात फेरिटिन तपासून घ्या. सोबत ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलंय ते), संपूर्ण रक्तगणना आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी तपासणी). सीआरपी यासाठी की फेरिटिन दाहामुळे खोटं वाढतं. सर्दी-ताप असताना किंवा लांब पळण्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिलंत, तर रिकामं कोठारही भरलेलं दिसू शकतं. म्हणून आदल्या दिवशी विश्रांती किंवा अगदी हलकं पळणं, सकाळची वेळ, नेहमीसारखं पाणी प्यायलेलं, आणि त्याआधी एक-दोन दिवस लोहाची गोळी बंद. थकवा आणि केस गळणं यांमागे थायरॉइड आणि बी-१२ ही असू शकतं, तुम्ही मांसाहार करत नाही म्हणून बी-१२ तर नक्कीच. एकदा सुई टोचून घेताच आहात, तर ही दोन्हीही करून घ्या. रिपोर्टवर फेरिटिनसाठी छापलेली 'नॉर्मल' कक्षा फार रुंद असते. कित्येक ठिकाणी १५ सुद्धा नॉर्मल म्हणून छापलेलं दिसेल. लांब पल्ल्याच्या धावपटूंना बघणारे बहुतेक डॉक्टर ३० ते ३५ च्या खालच्या आकड्याला कमतरता धरतात आणि उपचार करतात. तुमचा आकडा त्या खाली आला, तर 'नॉर्मल' या शब्दावर थांबू नका.

एक मात्र निक्षून सांगते. आकडा हाती येईपर्यंत लोहाचा डोस स्वतःहून वाढवू नका. काही माणसांच्या शरीरात जन्मतःच जास्त लोह साठण्याची प्रवृत्ती असते, आणि जास्तीचं लोह यकृतात, हृदयात साठून नुकसान करतं. शरीराकडे नको असलेलं लोह बाहेर टाकायचा मार्ग नाही. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांसारखं ते लघवीतून निघून जात नाही.

कमतरता निघाली तर डोस डॉक्टर ठरवतील. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट विचारा: गोळी रोज घ्यायची की एक दिवसाआड? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोह कमी असलेल्या तरुण बायकांना एक दिवसाआड गोळी दिली, तेव्हा प्रत्येक गोळीतून शोषलेलं लोह रोज घेण्यापेक्षा जास्त होतं. कारण पुन्हा तेच, एका डोसनंतर हेपसिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवसाची गोळी त्या बंद दारावर आपटते. शिवाय एक दिवसाआड घेतल्यावर मळमळ, बद्धकोष्ठ हा त्रासही अनेकांना कमी होतो. गोळी पाण्याबरोबर किंवा क जीवनसत्त्व असलेल्या फळाच्या रसाबरोबर घ्या. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियम तिच्यापासून किमान तासभर, शक्यतो दोन तास लांब ठेवा. शौचाचा रंग काळपट झाला तर घाबरू नका, तो गोळीचा रंग आहे. डब्यावर काय छापलंय तेही नीट वाचा. ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे ३२५ मिलिग्रॅम लोह नव्हे, त्यात प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. डोस नेहमी प्रत्यक्ष लोहाचा मोजायचा.

आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तुमच्याकडे चौदा आठवडे आहेत, म्हणजे आज सुरुवात केली तर शर्यतीच्या आधी फरक दिसायला पुरेसा वेळ आहे. दोन आठवडे टाळलंत तर उरलेलं गणित घट्ट बसतं.

पाळीबद्दल तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीय, मला ती पत्रातली सर्वांत मोठी ओळ वाटली. सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, एक-दोन तासांत पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर ते 'आमच्याकडे सगळ्यांनाच असं होतं' म्हणून सोडून द्यायचं नाही. त्यावर उपचार आहेत. खालून भोक असलेल्या हंड्यात वरून कितीही पाणी ओतलं तरी तो भरत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट आणि फेरिटिनची तपासणी, दोन्ही एकाच आठवड्यात करा.

आता रात्रीचं जेवण. वजन कमी केलं की वेग वाढेल हा हिशोब वहीत बरोबर दिसतो. पण आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर पळणाऱ्या शरीराला खर्चाइतकं अन्न मिळालं नाही, तर ते दुसरीकडे काटकसर सुरू करतं: संप्रेरकं, पाळी, हाडं, रोगप्रतिकार. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या सगळ्याला एक नाव दिलं, 'खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता'. बायकांमध्ये आणि पुरुषांमध्ये, दोघांतही ती होते. पाळी लांबली, चुकली किंवा थांबली तर ती त्याची मोठी खूण आहे. पाळी थांबलेल्या काही धावणाऱ्या मुलींना त्रास वाचल्याचं बरं वाटतं, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांची हाडं पोकळ होत असतात. तुमची पाळी चालू आहे, ही चांगली गोष्ट आहे, पण उपाशी झोपणं आजपासून बंद करा. खनिजांच्या दृष्टीनेही त्याचा अर्थ सरळ आहे: जेवणच कमी केलं की त्याबरोबर येणारं लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक सगळंच कमी झालं, आणि मग तेच परत आणायला पाच डबे आले.

कॅल्शियमचा डबा म्हणूनच लगेच फेकू नका असं सांगते, पण आधी ताट बघा. दूध, दही, तीळ, हिरव्या भाज्या यांतून हजार मिलिग्रॅमच्या जवळ जात असाल, तर गोळी लागत नाही. जात नसाल तर तेवढीच तूट भरा. लांब पळणाऱ्यांच्या नडगीला, पावलाच्या हाडांना ताणाने तडे जातात, आणि तिथे कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाचं काम दिसून आलंय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नौदलात नव्याने भरती झालेल्या ५२०१ मुलींपैकी काहींना प्रशिक्षणाच्या आठवड्यांत रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, तेव्हा त्यांच्यात असे तडे २० टक्क्यांनी कमी निघाले. हा सैनिकी प्रशिक्षणातला डोस आहे, तो तसाच उचलू नका. त्यातून एवढंच घ्या की हाडाला माल आणि विश्रांती दोन्ही लागतात. आणि गोळी घ्यायचीच तर ती रात्री, लोहापासून लांब.

पोटऱ्यांतले गोळे. इथे बहुतेक जण माझ्याशी वाद घालतील, पण पुरावा जिकडे आहे तिकडेच मी बोट दाखवणार. 'गोळा आला म्हणजे मीठ कमी पडलं, नाहीतर मॅग्नेशियम' हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते तपासायचं कुणाच्या मनात येत नाही. लांब शर्यतींमध्ये गोळे आलेल्यांचं आणि न आलेल्यांचं रक्त तपासून बघितलं, तेव्हा सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांत गोळ्यांचं कारण ठरेल असा फरक सापडला नाही. गोळे येणारे बरेचदा त्या दिवशी आपल्या सरावाच्या मानाने जास्त वेगात पळालेले होते. २०१० च्या एका प्रयोगात तर गंमतच दिसली. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्यांचं खारट पाणी थोडंसं पाजल्यावर स्नायूतला गोळा सरासरी दीड मिनिटाच्या आत सुटला. एवढ्या वेळात त्यातलं मीठ रक्तात पोहोचूच शकत नाही. तोंडाला आणि घशाला बसलेल्या त्या तिखट-आंबट झटक्याने मज्जातंतूंकडून येणारा आकुंचनाचा हुकूम थांबला असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे. थकलेला स्नायू आणि त्याला सूचना देणारे मज्जातंतू यांचा हा बिघाड आहे. मैदानावर पोटरी हळूहळू ताणून धरली की गोळा सुटतो, त्याचंही कारण हेच.

तुमच्या २५ किलोमीटरला येणाऱ्या गोळ्यांकडे मी असं बघते: लोहाचं कोठार रिकामं, आदल्या रात्री पोट रिकामं, आणि वेग जुनाच धरून ठेवायचा हट्ट. स्नायू लवकर थकतो, थकला की गोळा येतो. लांब पळणं सुरुवातीला दर किलोमीटरला मिनिटभर हळू करा, आदल्या संध्याकाळी नीट जेवा, पोटऱ्यांचा ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करा. चार आठवड्यांनी बघा.

मॅग्नेशियमच्या डब्याबद्दल मग वेगळं काय सांगू. व्यायामात येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा उपयोग होतो का हे बघायला २०२० साली सगळं वैद्यकीय साहित्य चाळलं गेलं, तर त्या प्रश्नावर नीट केलेली एकही चाचणी हाती लागली नाही. मॅग्नेशियम महत्त्वाचं नाही असं नव्हे. शेकडो रासायनिक क्रियांना ते लागतं. शरीरातलं निम्म्याहून जास्त मॅग्नेशियम हाडांत असतं आणि रक्तात एक टक्क्याहून कमी, त्यामुळे रक्ततपासणीचा आकडाही फारसं सांगत नाही. पण डाळी, कडधान्यं, सुकामेवा, बिया, अख्खी धान्यं खाणाऱ्याला ते मिळतं. गोळीतून घेतलेलं, विशेषतः मॅग्नेशियम ऑक्साइड, आतड्यात नीट शोषलं जात नाही आणि पोट सैल करतं. लांब पळणाऱ्याला बत्तिसाव्या किलोमीटरला काय नको असतं, तर नेमकं हेच.

झिंकबद्दल एकच, पण गंभीर. रोजचं ४० मिलिग्रॅमच्या वर झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर तांबं शोषलं जाणं कमी होतं, आणि तांब्याच्या कमतरतेनेही रक्तक्षय होतो. म्हणजे थकव्यावर म्हणून घेतलेली गोळी थकवाच वाढवेल. तुमच्या डब्यावर ५० लिहिलंय की काय ते बघा. तो डबा मी बंद करायला सांगेन. पोटॅशियमची गोळी कुणी अजून सुचवली नसेल तर सुचवतील. घामातून ते फार थोडं जातं, फळं-भाज्यांतून सहज परत येतं, आणि गोळीतून जास्त घेतलं तर हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो. रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांना तर फारच.

मिठाच्या कॅप्सूलवर मात्र थोडं थांबते, कारण इथे चूक जिवावर बेतू शकते.

घामात मीठ जातं हे खरं. किती, ते माणसागणिक फार वेगळं. एका लिटर घामात कुणाचं २०० मिलिग्रॅम सोडियम जातं, कुणाचं २००० पर्यंत. बहुतेकांचं हजारच्या आगेमागे. तुमच्या कपड्यांवर, टोपीवर पळून आल्यावर पांढरे मिठाचे पट्टे उमटत असतील, तर तुमचा घाम खारट आहे. रोज उन्हात पळण्याची सवय होत गेली की दहा-चौदा दिवसांत घामग्रंथी मीठ राखायला शिकतात. तासाभराच्या पळण्याला वेगळ्या मिठाची गरज नाही, पुढच्या जेवणात ते भरून निघतं. तीन-चार तासांच्या पळण्यात, उन्हात, खारट घाम असणाऱ्याने पेयातून किंवा खाण्यातून सोडियम घ्यावं, त्याने बरं वाटतं आणि पाणी शरीरात धरून ठेवायला मदत होते.

पण मॅरेथॉनमध्ये रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरतं, ते बहुतेक वेळा घामामुळे उतरत नाही. पाणी जास्त प्यायल्याने ते पातळ होतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं. त्यांतल्या १३ टक्क्यांचं सोडियम लिटरला १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी निघालं, आणि तिघांचं तर १२० किंवा त्याखाली, म्हणजे मेंदूला सूज येऊ शकेल इतकं. त्यांच्यात सर्वांत ठळक दिसलेली गोष्ट म्हणजे शर्यतीत वजन वाढलेलं होतं. इतकं पाणी पोटात गेलं होतं. चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणारेही त्यात जास्त होते, कारण हळू पळणाऱ्याला घाम कमी येतो आणि प्रत्येक पाण्याच्या टेबलावर थांबायला वेळ मिळतो. पहिली मॅरेथॉन म्हणजे तुम्ही बहुधा याच गटात असाल.

'मग खेळाडूंचं पेय पिईन, पाणी नको' असं वाटेल. त्या पेयातलं सोडियम साधारण २० मिलिमोल असतं आणि रक्तातलं १४०. म्हणजे ते पेयही रक्तापेक्षा सहा-सात पटीने पातळ. प्रमाणाबाहेर प्यायलात तर तेही रक्त पातळच करणार. मिठाच्या कॅप्सूलही वाचवत नाहीत, आणि 'मी मीठ घेतलंय' या भरवशावर माणूस आणखी पाणी पितो, हे मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त खटकतं.

तहान लागेल तेवढं प्या. आधीच पाणी ढोसून ठेवू नका. आणि एक सोपा प्रयोग पुढच्या दोन-तीन लांब पळण्यांत करा: निघताना आणि आल्यावर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम भरून निघाला नाही. एक-दोन किलो घटणं अगदी ठीक आहे. वजन वाढलं, किंवा जरासुद्धा घटलं नाही, तर तुम्ही जास्त पिताय. शर्यतीत बोटातली अंगठी घट्ट व्हायला लागली, हात सुजले, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वाटायला लागलं तर पाणी थांबवा आणि वैद्यकीय मदत गाठा. आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी शर्यतीच्या सकाळी 'खबरदारी म्हणून' घेऊ नका. तिने मूत्रपिंडाचं पाणी बाहेर टाकण्याचं काम मंदावतं आणि हा धोका वाढतो.

शेवटी एक बाब वेगळी काढून सांगते, कारण लोहाच्या नादात ती झाकली जाऊ नये. पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, ठोके वेडेवाकडे जाणवले, तर त्याचं कारण खनिजांत शोधत बसू नका. त्याच दिवशी पळणं थांबवून हृदयाची तपासणी करा.

तोवर डब्यांचं असं करा: झिंक आणि मॅग्नेशियम बंद, कॅल्शियम ताट मोजून झाल्यावर ठरवा, मिठाच्या कॅप्सूल फक्त लांब पळण्यापुरत्या राखून ठेवा, लोह तपासणीपर्यंत थांबवा. चहा प्या, पण गोळ्यांशिवाय. आज रात्री जेवा. आणि फेरिटिनचा आकडा आला की मला कळवा. ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांनी काय दिलं तेही लिहा, आणि ३० च्या बराच वर निघाला, तर थायरॉइड आणि बी-१२ चे आकडे घेऊन लिहा. मग आपण पुन्हा पहिल्यापासून शोधू.